सासूबाईंची परीक्षा आणि स्कूटरचा नट

नट हलत नव्हता. म्हणजे अगदी ढिम्म. मी पान्याला लोंबकळले, मागच्या टायरला पाय टेकवून ओढलं, एक शिवी दिली, मग सासूबाई जवळपास नाहीत असं समजून दुसरी जरा ठेवणीतली दिली. तेवढ्यात पाना निसटला आणि मी पार्किंगच्या फरशीवर धपकन बसले.

"लागलं का गं?" मागून आवाज आला. सासूबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर हेल्मेट घालून बसल्या होत्या. कधी येऊन बसल्या देव जाणे. म्हणजे दुसरी शिवी त्यांनी नक्कीच ऐकली होती.

"नाही लागलं, आई. आणि हेल्मेट काढा आता, गाडी काही लगेच चालू होणार नाहीये."

"राहू दे. डोक्याला सवय होते."

मी बायकांना स्कूटर चालवायला शिकवते. पाटी वगैरे लावलेली नाही, पण आमच्या भागातल्या निम्म्या बायका माझ्याच हाताखालून गेल्यात. ज्या पहिल्या दिवशी "आई गं" म्हणून डोळे मिटून घेतात, त्यासुद्धा शेवटी भाजी आणायला स्वतःच्या स्वतः जायला लागतात. हे मी अभिमानाने सांगते, कारण अभिमान वाटावा असंच आहे ते. पण माझ्या हातून दोनदा नापास झालेली एकच विद्यार्थिनी आहे आणि ती माझ्याच घरात राहते. पहिल्या परीक्षेत सासूबाईंनी आठचा आकडा काढताना पाय टेकवला. दुसऱ्या परीक्षेत पाय टेकवला नाही, पण एका प्लॅस्टिकच्या शंकूला धक्का लागला तेव्हा गाडी थांबवून, खाली उतरून तो शंकू सरळ केला आणि परीक्षकांना म्हणाल्या, "माफ करा हं."

आता तिसरी परीक्षा उद्या सकाळी होती. त्यांच्या शिकाऊ लायसनची मुदत संपत आली होती, आणि त्यांनी जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, "उद्या झालं तर झालं. नाहीतर हा नाद मी सोडला. पुन्हा मला कोणी विचारायचं नाही." सासूबाई एकदा असं बोलल्या की तो शब्द फिरत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि नाद सोडून चालणार नव्हतं. लग्न झाल्यापासून त्या बाबांच्या मागे बसून सगळीकडे गेल्या होत्या. बाबा म्हणजे माझे सासरे. गेल्या वर्षी त्यांच्या नजरेने दगा दिला. माझ्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे, तर मुलानेच बापाची नजर तपासली आणि मुलानेच चावी काढून घेतली. त्या दिवसापासून बाबा खिडकीत आणि सासूबाई स्वयंपाकघरात, अशी दोघं घरात अडकून पडली. सासूबाईंची धाकटी बहीण गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहते, तिकडे बस जात नाही. शेवटी एक दिवस सासूबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मला शिकव. फी घेतलीस तरी चालेल."

तर, परीक्षा उद्या, आणि शिकवणीची ही एकच गाडी. हिची सीट मी मुद्दाम कापून बुटकी करून घेतलीय, सासूबाईंचे पाय दुसऱ्या कुठल्याच गाडीवरून जमिनीला पुरत नाहीत. आणि गेल्या आठवड्यापासून ही बया नुसतीच ओरडत होती. मूठ पिळली की इंजिन बोंब मारायचं आणि गाडी मात्र गोगलगायीसारखी सरकायची. बेल्ट घसरत असणार, हे मला कळत होतं. पण बेल्ट मी गेल्याच महिन्यात नवा घातला होता, म्हणून मी कानाडोळा केला. आज शेवटी झाकण उघडलं. आत पुढच्या बाजूला इंजिनाच्या दांड्यावर एक पुली असते, तिला व्हेरिएटर म्हणतात. बेल्ट तिच्यावरून फिरतो. ती काढायची तर मधला एक नट सोडवावा लागतो. एकच नट. आणि तो मघापासून मला पाणी पाजत होता.

खरी पंचाईत अशी की नट फिरवायला गेलं की त्याच्याबरोबर पुलीच फिरते. तिला धरून ठेवायचं अवजार कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे आहे, गेल्या महिन्यात मी तेच मागून आणलं होतं. पण आज गॅरेजवाला कंबर धरल्यामुळे घरी झोपलेला, गॅरेजला कुलूप.

"मी बघू का?" माझा नवरा दुकानातून आला होता. हातात त्याची ती लाडकी डबी, चष्म्याचे स्क्रू पिळायच्या सुईएवढ्या पेचकसांची.

"याने काय कान कोरायचेत?"

"अगं, पुलीला ही पंख्यासारखी पाती आहेत ना, त्यांत मोठा पेचकस अडकवला की—"

"एकाही पात्याला हात लावलास तर बघ! तुटलं तर उद्या काय तुझ्या खांद्यावर बसून परीक्षा देणार आहेत आई?"

तो वाद घालत नाही. हा त्याचा मोठा गुण आहे. पेचकसांची डबी खिशात घातली आणि गॅरेजवाल्याला फोन लावून फोन माझ्या कानाशी धरला.

"वहिनी," तिकडून कण्हत आवाज आला, "दोरीची युक्ती करा. स्पार्क प्लग काढा. पिस्टन खाली असताना त्या भोकातून सुती दोरी आत सोडा, भरपूर. शेपूट बाहेर राहू द्या हां, नाहीतर नंतर माझ्या नावाने रडाल. मग नट फिरवा. पिस्टन वर येऊन दोरीवर अडकेल, की इंजिन फिरणार नाही. नायलॉनची नको, सुतीच. आई गं... नाही, तुम्हाला नाही, माझ्या कंबरेला म्हणालो."

सुती दोरी. घरात वाळत घालायची दोरी नायलॉनची, खोके बांधायची दोरी नायलॉनची, सगळं जगच नायलॉनचं झालेलं. सासूबाई मघापासून विचार करत होत्या. त्या हेल्मेटसकट वर गेल्या आणि हातात लांबच लांब पांढरी नाडी नाचवत खाली आल्या.

"यांच्या पायजम्याची," त्या म्हणाल्या.

"अंगातल्या?" माझा नवरा घाबरून म्हणाला.

"वाळत घातलेल्या! काहीतरीच तुझं. पण पुरायची नाही म्हणून आणखी दोन पायजम्यांच्या काढल्यात."

बाबा त्यांच्या मागोमाग प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन खाली आले आणि भिंतीशी टेकून बसले. एरवी घरात कुणी नळाचा वायसर बदलत असलं तरी बाबा शेजारी उभे राहून सूचनांचा भडिमार करतात. जन्मभर प्लंबिंग केलेला माणूस, आमच्या इमारतीतला प्रत्येक पाइप त्यांना नावानिशी ओळखतो. आज मात्र ते मूग गिळून बसले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी नाड्यांना गाठी मारत होते.

नाड्या आत गेल्या, शेपूट बाहेर राहिलं, आणि इंजिन खरंच अडकलं. मी नवऱ्याला म्हटलं, "चल, आता." आम्ही पान्याच्या दांड्यावर पाण्याचा जुना पाइप चढवून तो लांब केला आणि दोघांनी मिळून ओढला. नवऱ्याच्या कपाळाची शीर टरारली. माझ्या चपलेचा पट्टा तुटला. नट मात्र हूं की चूं नाही.

"एखादा नट असा कसा असेल?" मी चिडून म्हटलं. "गेल्या महिन्यात मीच लावलाय हा. हाताने फिरवून बसवला आणि बेताने आवळला, मग..."

मग आठवलं. नट हाताने बसवला होता आणि तेवढ्यात वर माझा फोन वाजला होता. मी वर गेले होते. खाली आले तेव्हा बाबा म्हणाले होते, "झालं तुझं काम, आवळला मी," आणि मी म्हटलं होतं, "वा, बरं झालं."

मी मोबाइलचा उजेड पाडून नटाशी नाक नेलं. नट आणि वायसर यांच्या फटीत एक पांढरी कडा होती. वाळून दगड झालेली. ती कडा मी रोज बघते. आमच्या न्हाणीघरातल्या नळाला आहे, गच्चीतल्या टाकीच्या पाइपाला आहे, स्वयंपाकघरातल्या सिंकखाली आहे.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही याला सफेदा लावला?"

बाबा वर छताकडे बघायला लागले.

"बाबा! सफेदा लावला? पाण्याच्या पाइपाला लावतात तो?"

"आणि थोडा दोरा गुंडाळला," बाबा म्हणाले. "सांधा आहे म्हटल्यावर सफेदा नको? कोरडा कसा ठेवायचा?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं एकदम लख्ख झालं. सफेदा जास्त झालेला, तो आतून ओघळून पुलीवर आला, बेल्टला लागला, म्हणून बेल्ट घसरतोय, म्हणून गाडी ओरडतेय. आणि वर पान्याला पाइप लावून तोच नट आवळलेला, बाबांच्या जन्मभराच्या सवयीने, शेवटी सगळा जीव लावून आणखी अर्धा वेढा. त्यांनी जोडलेला सांधा कधी गळला नाही अशी त्यांची ख्याती आहे. तो कधी सुटत नाही हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

आणि रागाच्या भरात माझ्या डोक्यात आणखी एक गोष्ट आली, ती मी तशीच बोलून टाकली. "बाबा, खरं सांगा. आईंनी परीक्षा देऊ नये म्हणून केलंत ना हे? पहिल्यापासून तुमच्या मनात नाहीच. 'तिला कशाला लायसन,' तुम्हीच म्हणायचात."

नवऱ्याने माझा दंड धरला. बाबा खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. त्यांचा चेहरा असा झाला की मला माझीच जीभ चावावीशी वाटली.

सासूबाईंनी हेल्मेटची काच वर केली. "अहो," त्या म्हणाल्या, "मी जायला नको का तुम्हाला?"

"तसं नाही गं," बाबा म्हणाले. "नट ढिला राहिला असता म्हणजे? ही मुलगी वर गेली होती फोनवर. मी बघितलं तर नट हाताने फिरत होता. उद्या तू बसशील आणि भर रस्त्यात निघून पडेल तो. मग? मला काय गाडीतलं कळतंय? मला सांधा कळतो. म्हणून पक्का केला."

"माझ्यासाठी?"

"सांध्यासाठी," बाबा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

सासूबाईंनी हेल्मेटची काच पुन्हा खाली ओढली. मी म्हटलं, "चुकलं माझं, बाबा. जिभेला हाड नाही मला." ते म्हणाले, "ते आम्हाला लग्नातच कळलं होतं," आणि सगळ्यांत आधी माझा नवराच हसला.

हसण्याने नट निघत नाही, पण बाबांचं तोंड उघडलं, हे फार महत्त्वाचं होतं. ते खुर्ची ओढत गाडीजवळ आले. "ताकदीने नाही निघायचा हा. सफेद्याला ऊब द्यावी लागते. माझा ब्लोलॅम्प आणा."

"पेट्रोलची टाकी आहे वर!" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

"मग काय तापवायचं कशाने?"

"इस्त्री," सासूबाई म्हणाल्या.

वरून वायर सोडली, जोडबोर्ड आणला, आणि सासूबाई फरशीवर मांडी ठोकून बसल्या. इस्त्री पूर्ण तापवून तिचं टोक त्यांनी नटावर दाबून धरलं. हेल्मेट घालून स्कूटरला इस्त्री करणारी बाई बघून तिसऱ्या मजल्यावरचे पोस्टमन कामावरून येता येता थबकले, "चुण्या पडल्यात का?" म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता वर गेले. त्यांना आमच्या घराची कल्पना आहे.

जरा वेळाने जळक्या तेलासारखा वास आला. बाबांनी नाक वर करून तो ओढून घेतला. "आता. आधी किंचित आवळ."

"आवळू?" मी किंचाळले. "अजून?"

"आवळ म्हणतो ना. हललेला सांधा सुटतो. केसभर आवळ, मग उलटं."

मी आवळला. खरंच केसभर हलला. मग पाइप उलट बाजूला घेतला आणि नवरा नि मी लोंबकळलो. नटाने आतून कुरकुर केली, पण सुटेना. आमचं दोघांचं वजन म्हणजे काय, दोन छत्र्या टांगल्यासारखं. सासूबाईंनी इस्त्री बाजूला ठेवली, उठल्या, कंबरेवर हात ठेवून पाइपाकडे बघितलं.

"व्हा बाजूला," त्या म्हणाल्या. "जन्मभर सगळे म्हणतात वजन कमी कर, वजन कमी कर."

एका हाताने मला, दुसऱ्या हाताने लेकाला धरून त्या पाइपाच्या टोकावर दोन्ही पायांनी चढल्या. कट्ट असा आवाज झाला. इतका मोठा की मला वाटलं, इंजिनाचा दांडा मोडला, इंजिन गेलं, संपलं सगळं. सासूबाई आमच्या दोघांच्या अंगावर आणि आम्ही बाबांच्या खुर्चीवर, असा ढीग झाला.

ढिगातून बाबाच पहिले बाहेर आले. त्यांनी वाकून, नाक अगदी टेकवून, दोन बोटांनी नट चाचपला. नट फिरला. गोल गोल, लोण्यासारखा. त्याच्या आट्यांतून करड्या दोऱ्याची शेपटी बाहेर आली.

"दांडा शाबूत आहे," बाबा म्हणाले. "बघ, एक आटा खराब नाही."

माझा जीव भांड्यात पडला. आम्ही पुली काढली, सगळं पेट्रोलने धुतलं, दोरा न् दोरा वेचला, बेल्ट पुसून कोरडा केला. पुन्हा जोडताना नट मी बसवला. बाबा शेजारी उभे होते, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून. मी पाना फिरवला, बेताचा जोर दिला.

"एवढंच?" बाबा म्हणाले.

"एवढंच."

"अर्धा वेढा..."

"बाबा."

"बरं, बरं. तुझी गाडी, तुला माहीत."

नाड्या बाहेर काढल्या, त्या आता जन्मात पायजम्यात जाणार नव्हत्या. प्लग बसवला, झाकण लावलं. दिवस मावळायच्या आत सासूबाईंनी इमारतीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि गाडी शहाण्या लेकरासारखी पळाली.

सकाळी आम्ही मैदानावर गेलो. मी, सासूबाई, आणि कुणी बोलावलं नसताना रिक्षा करून मागोमाग आलेले बाबा. नवऱ्याला दुकान उघडायचं होतं, तो फोनवर फोन करत होता.

परीक्षक तरुण बाई होत्या, आणि आदल्या वेळचा शंकू त्यांच्या लक्षात होता. "आजी, आज कुणाची माफी मागायची नाही," त्या म्हणाल्या. सासूबाईंनी मान डोलावली. आठचा आकडा काढला. पाय टेकला नाही. एकही शंकू हलला नाही. मी इतका श्वास रोखून उभी होते की मला चक्कर यायची बाकी होती. रेघेवर थांबल्या, हात दाखवला, वळल्या. मग परीक्षक काहीतरी म्हणाल्या, आणि सासूबाई गाडी घेऊन सरळ फाटकातून बाहेर रस्त्यावर गेल्या.

"अगं, ती गेली!" बाबांनी माझं मनगट धरलं. "कुठे गेली?"

"रस्त्यावरची परीक्षा असते, बाबा. पुढच्या चौकातून वळून परत यायचं. येतील."

"एकटी?"

"एकट्याच."

बाबा फाटकाशी जाऊन उभे राहिले. त्यांना तेवढ्या लांबचं दिसत नाही, तरी ते बघत होते. स्कूटरचा आवाज आला की पुढे व्हायचे, दुसरीच कुणी निघाली की मागे यायचे. सासूबाईंच्या मागून गेलेली एक मुलगी वळून परत आली, तिच्या मागून गेलेला मुलगासुद्धा आला. सासूबाई नाहीत. परीक्षक घड्याळ बघायला लागल्या. आता माझ्याही तोंडचं पाणी पळालं.

"नट," बाबा म्हणाले.

"नट जागेवर आहे, बाबा."

"तुला कसं माहीत? इथून दिसतोय तुला?" त्यांचा आवाज चढला आणि मधेच फाटला. "मी जातो बघायला." आणि ते खरंच निघाले, भर रस्त्याच्या कडेने, ज्यांना समोरचा माणूस ओळखू येत नाही ते. मी त्यांच्यामागे धावले.

तेवढ्यात सासूबाई आल्या. इंडिकेटर लावून, आरशात बघून, अगदी शिकवल्याप्रमाणे वळल्या आणि आमच्याजवळ थांबल्या. हँडलला पिशवी लटकत होती आणि तिच्यातून लालबुंद टोमॅटो डोकावत होते.

"आई! हे काय?"

"चौकात छान मिळत होते. गाडी कडेला घेतली, स्टँडवर लावली, चावी काढली. सगळं रीतसर केलं."

"परीक्षा चालू होती आजी!" परीक्षकही फाटकापर्यंत आल्या होत्या. त्या रागावणार होत्या, दिसत होतं. पण त्यांनी पिशवीकडे बघितलं, मग सासूबाईंकडे, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. "पास आहात तुम्ही," त्या म्हणाल्या. "आणखी काय बघू मी? निम्मे लोक लायसन मिळाल्यावरसुद्धा कडेला लावत नाहीत." मला त्या बाईंचा मुका घ्यावासा वाटला. घेतला नाही, पण नाचले मात्र, तिथेच, रस्त्याच्या कडेला.

सासूबाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या बाबांकडे बघत होत्या. बाबा तसेच उभे होते, एक पाय रस्त्यावर, एक पाय पदपथावर, आणि त्यांच्या चष्म्याखालून पाणी वाहत होतं. पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"अहो," सासूबाईंनी हेल्मेट काढलं. "घाबरलात?"

इतक्या वर्षांत मी त्या माणसाच्या तोंडून असला शब्द ऐकला नव्हता. ते पाइपाचं काही बोलतील, सांध्याचं काही बोलतील, अशी मी वाट बघत होते.

"हो," बाबा म्हणाले. "फार घाबरलो गं."

सासूबाईंनी हँडलची पिशवी काढून त्यांच्या हातात दिली, हेल्मेट पुन्हा डोक्यात घातलं आणि सीटवर जरा पुढे सरकल्या. बाबा पिशवी छातीशी धरून मागे बसले, आणि मी रिक्षा शोधायला निघाले.